घरात मराठी बंद करा म्हणे!

संपादक साहेब,

माझा भाचा ऑटिस्टिक (स्वमग्न) आहे, वय ६. तहान लागली की 'तुला पाणी हवंय का?' म्हणतो, म्हणजे आपण विचारतो तेच जसंच्या तसं. लोकांना पोपटपंची वाटते, पण याला एकोलेलिया म्हणतात आणि 'मी'च्या जागी 'तू' येणं तर बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ सालीच नोंदवलंय, पोरगं त्याच्या परीने मागतच असतं की! आता शाळेतून सांगितलं घरात फक्त इंग्लिश बोला. अहो, दोन भाषांमुळे अशा मुलांचं बोलणं आणखी मागे पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आणि आजीला इंग्लिश येत नाही, मग तिने काय गप्प बसायचं? त्याच्याशी सगळ्यात जास्त तीच तर बोलते.

– एक मावशी, नाशिक