चोरलच्या ओढ्यातून काढणाऱ्या दोघा मिस्त्रींचे आभार

इंदूरहून निघालो आणि चोरलजवळ ओढ्यात जीप रुतली. फोर-व्हीलचा लिव्हर टाकूनही पुढची चाकं ढिम्म, मागे आई घाबरलेली. रस्त्याने जाणारे दोन मिस्त्री थांबले, ट्रॅक्टर बोलावून गाडी ओढून काढली. डावा ऑटोमॅटिक हब, म्हणजे पुढचं चाक आतल्या दांड्याशी आपोआप जोडणारा भाग, आतून तुटला होता. एक बाजू मोकळी राहिली की डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणारी यंत्रणा, दुसऱ्या चाकालाही जोर देत नाही, म्हणून महू शहरात त्यांनी दोन्हीकडे हाताने फिरवायचे हब बसवले. जुनं ग्रीस पूर्ण पुसलं, बोल्ट समोरासमोर आवळले. मग थोरल्याने आईलाच बोलावलं, “माताजी, आप घुमाइए.” तिने डायल ‘लॉक’वर नेला, त्याने चाक फिरवून आतला दांडाही फिरताना दाखवला. तिची भीती तिथेच गेली. दादांनो, गाडीइतकीच आईची काळजी घेतलीत, मनापासून आभार.