कॅराव्हॅन पार्क म्हणजे प्लग असलेलं पार्किंग नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राज्याचं कॅराव्हॅन (म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली फिरती गाडी) पर्यटन धोरण २०२१मध्ये आलं. तेव्हापासून कोकणातल्या अनेक बागायतदारांच्या डोक्यात अशा गाड्यांच्या मुक्कामासाठी पार्क काढायची कल्पना घोळते आहे. जागा सपाट केली, भिंतीवर प्लग आणि कोपऱ्यात नळ दिला की पार्क तयार, असा अनेकांचा समज दिसतो. घोळ तिथेच होतो.

आधी वीज. १६ अँपिअरच्या जोडणीवर साधारण ३,६०० वॅट मिळतात. गाडीतला एसी हजार-बाराशे वॅट घेतो, गिझर दोन हजार आणि इंडक्शन शेगडी दोन हजार. तिन्ही एकदम लावले की एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा खटका) पडणारच. म्हणून न्हाणीघरात सोलरचं गरम पाणी द्यावं, म्हणजे गाडीतला गिझर लावायची गरज उरत नाही. प्रत्येक जागेला स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज झिरपताच पुरवठा तोडणारा खटका) हवा. सगळ्यांना मिळून एकच आरसीसीबी बसवला, तर एका गाडीत ओल शिरली की सगळा पार्क अंधारात. जांभ्याच्या कातळात अर्थिंग मुळातच अवघड असतं. खड्डा उथळ असला आणि मे महिन्यात त्यात पाणी घातलं नाही, तर ते नावापुरतंच उरतं. गाडी रबरी टायरवर उभी असते. आत वीज झिरपली तर ती पत्र्यावर थांबून राहते आणि ओल्या जमिनीवर उभं राहून दाराला हात लावणाऱ्याला झटका बसतो. गाडीला जोडायची वायर २.५ चौरस मिलिमीटरची असावी आणि रिळावरून पूर्ण उलगडावी. गुंडाळलेली वायर भाराखाली तापून वितळते.

सर्वांत दुर्लक्षित विषय मैल्याचा. गाडीतल्या संडासाची पेटी साधारण वीस लिटरची असते. वास दाबण्यासाठी तिच्यात निळं औषध घालतात, आणि त्यात अनेकदा फॉर्मॅल्डिहाइडसारखं जंतुनाशक असतं. ते सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतं. एखाददुसरी गाडी असेल तर मोठ्या टाकीला फरक पडत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मात्र आठ-दहा गाड्यांच्या पेट्या रोज त्याच टाकीत रिकाम्या झाल्या, तर मैला कुजत नाही, गाळ शोषखड्ड्यात जाऊन तो तुंबतो आणि घाण उताराने खालच्या विहिरीकडे निघते. उपाय महागडा नाही. पेटी ओतायला उताराचा सिमेंटचा ओटा, त्यावर झाकणाचं तोंड आणि खाली वेगळी टाकी करावी. जैविक औषधच वापरायचं, ही अट आरक्षणाच्या वेळीच घालावी. पेटी विसळायचा नळ पिण्याच्या नळापासून लांब ठेवावा आणि त्यावर ‘पिण्याचे पाणी नाही’ असं ठळक लिहावं. नाहीतर त्याच नळीने कोणीतरी गाडीची पिण्याच्या पाण्याची टाकी भरतोच. भांडी-आंघोळीचं सांडपाणी केळी-माडांना सोडता येईल, पण मैल्याच्या टाकीत ते मिसळू नये.

जागेबद्दल थोडंच. ब्रिटनमधल्या मानकांत आग पसरू नये म्हणून दोन गाड्यांमध्ये सहा मीटर अंतर सांगितलं आहे. आपणही तेवढं ठेवावं. चाकांखाली सिमेंटचे दोन पट्टे घालावेत, नुसता मुरूम जुलैत टिकत नाही. आणि माडाखाली गाडी कधीच लावू देऊ नये. सावलीच्या मोहात टपावरचा एसी आणि सोलर पॅनल नारळाच्या तडाख्यात सापडतात.

राहण्याचे पर्याय म्हणून दोन-तीन खोल्या आणि तंबूंचे ओटे असले तर गाडी नसलेलेही येतील. पण त्याआधी चालकाचं बघा. ऑस्ट्रेलियात कुटुंब स्वतःच गाडी चालवत येतं, त्यामुळे तिथल्या पार्कांचे नकाशे उचलले तर चालकाची सोय त्यांत सापडणार नाही. आपल्याकडे भाड्याची कॅराव्हॅन बहुतेकदा चालकासह येते आणि तो रात्री पुढच्या सीटवर अंग मुडपून झोपतो. दुसऱ्या दिवशी त्यालाच घाट उतरायचा असतो. पंखा, मच्छरदाणी आणि आंघोळीची सोय असलेली चार खाटांची खोली प्रत्येक पार्कात असावी, तिचं भाडं जागेच्या दरातच धरावं आणि पर्यटन विभागाने तिच्याशिवाय नोंदणी देऊ नये.

कळावे,
एक वाचक, रत्नागिरी