सगळी आफ्रिका एका मापाने मोजू नये

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आफ्रिकेतील खनिजसंपन्न देशांविषयी आपल्याकडे ‘जमिनीत संपत्ती, घरात दारिद्र्य’ एवढेच लिहिले जाते. काँगोबद्दल ते खरेही आहे. बोत्सवानाला मात्र हे माप लावणे अन्यायाचे आहे. मी भूगोलाचा शिक्षक होतो. मीसुद्धा नकाशावर कालाहारीचे वाळवंट दाखवायचो आणि पुढच्या धड्याकडे वळायचो, याची आज खंत वाटते.

३० सप्टेंबर १९६६ रोजी हा देश ब्रिटिशांच्या अमलातून स्वतंत्र झाला, तेव्हा तिथे डांबरी रस्ता होता अवघा १२ किलोमीटर. वर्षभरातच ओरापा येथे हिऱ्यांची खाण सापडली. हा मुलूख बांग्वातो जमातीचा, आणि पहिले अध्यक्ष सेरेत्से खामा त्याच जमातीच्या राजघराण्यातले. ‘हिरे आमचे’ म्हणायची केवढी संधी! पण १९६७च्या कायद्याने जमिनीखालच्या खनिजांवरचा जमातींचा हक्क राष्ट्राकडे गेला, त्यात त्यांची स्वतःची जमातही आली. हिरे कुणाचे वतन झाले नाहीत. माझ्या मते देशाचे नशीब इथेच पालटले. पुढे खाणी चालवणाऱ्या डी बिअर्स कंपनीशी पुन्हा वाटाघाटी करून सरकारने खाणींतला आपला हिस्सा १५ टक्क्यांवरून निम्म्यावर नेला. त्या पैशातून शाळा, दवाखाने, रस्ते झाले. एचआयव्हीने देश पोखरला, तेव्हा २००२ पासून सरकारने रुग्णांना मोफत औषधे द्यायला सुरुवात केली.

तिथल्या चलनाचे नाव ‘पुला’, म्हणजे पाऊस. माण तालुक्यात जन्म काढलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

राज्यपद्धतीही समजून घेण्यासारखी आहे. अध्यक्षाला जनता थेट निवडत नाही. ज्या पक्षाचे संसदेत बहुमत, त्याचा नेता अध्यक्ष होतो आणि सरकारही तोच चालवतो. जमातप्रमुखांची वेगळी सभा आहे, पण ती सल्ल्यापुरती. गावोगावच्या ‘खोट्ला’त, आपल्या चावडीसारख्या, लोक प्रमुखासमोर आपले म्हणणे मांडतात. एकच पक्ष सलग ५८ वर्षे सत्तेत होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो हरला, मावळते अध्यक्ष मोक्वेत्सी मासिसी यांनी लगेच पराभव मान्य केला आणि १ नोव्हेंबरला डुमा बोको यांनी शपथ घेतली. ना गोळी चालली, ना लष्कर रस्त्यावर आले.

सगळेच गोड आहे असे मी म्हणणार नाही. उत्पन्नातली विषमता जगातल्या सर्वाधिक विषमतांपैकी आहे, तरुणांना काम नाही. कालाहारीतील सान आदिवासींना अभयारण्यातून हुसकले गेले. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. आणि इतक्या वर्षांत हिऱ्यावाचून दुसरा मोठा उद्योग उभा राहिला नाही, ही सर्वांत मोठी चूक. निर्यातीचा फार मोठा भाग आजही हिऱ्यांचाच आहे. हिऱ्याचा बाजार पडला तशी २०२४ मध्ये अर्थव्यवस्था आकसली. ऑगस्ट २०२५ मध्ये तर रुग्णालयांत औषधे नाहीत म्हणून सरकारला आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. ज्या देशाने औषधे फुकट वाटली, त्याच्यावर ही वेळ यावी!

यात आपला संबंध सरळ आहे. बाजार पडण्याचे एक मोठे कारण प्रयोगशाळेत तयार होणारे हिरे. त्यांचे कारखाने सुरतेत झपाट्याने वाढले आणि व्यापार मुंबईतही चालतो. आपल्या लोकांना रोजगार मिळतो, त्याला माझा विरोध नाही. पण आपल्या अर्थपानावर या उद्योगाच्या भरभराटीच्या बातम्या येतात, त्यांच्या शेजारी बोत्सवानाची राजधानी गॅबोरोनच्या रुग्णालयांची बातमीही यावी, एवढी विनंती.

– एक निवृत्त शिक्षक, दहिवडी (जि. सातारा)