चार तारांत नसलेला गंधार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी "नवीन काय लिहितेस?" विचारलं आणि तू गप्प झालीस. आईने फोन ओढून घेतला, बोलणं पोह्यांवर गेलं. नंतर तिने मला चांगलंच झापलं. आठ महिने तुझ्या हातून एकही रचना उतरली नाही, हे मला माहीतच नव्हतं. तू हे तिलाच सांगतेस.

म्हणून रात्री तुमच्या बर्लिनच्या संगीतकार उनसुक चिनबद्दल वाचत बसलो. सोलमध्ये शिकलेली मुलगी १९८५ साली हॅम्बुर्गला संगीतकार लिगेटीकडे शिकायला गेली, बक्षिसं मिळालेल्या रचना घेऊन. त्यात तुझं स्वतःचं काही नाही, असं गुरूचं मत पडलं. झालं! तीन वर्षं बाईंनी काही लिहिलं नाही. १९८८ला बर्लिनला आल्या, इलेक्ट्रॉनिक संगीताच्या स्टुडिओत रमल्या. व्हायोलिन कंचेर्टोला संगीतरचनेचा मोठा ग्रॉमायर पुरस्कार मिळाला तो थेट २००४ साली. आमच्या बँकेत असत्या तर मीच त्यांचं इन्क्रिमेंट रोखलं असतं.

तुझं चार वाद्यांचं, अकरा मिनिटांचं क्वार्टेट आलं तेव्हा मावशीने विचारलं, "राग कुठला?" मी हसलो नाही, कारण मलाही तेच विचारायचं होतं. पण सातव्या मिनिटाला चेलो एकटाच खाली लांब सूर धरतो आणि वर काहीतरी चमकतं, तिथे मी मागे जाऊन तीनदा ऐकलं. सदाशिव पेठेतलं घर आठवतं? तू सात वर्षांची. मी मिरजेचा तंबोरा लावत होतो: पंचम, जोड, खर्ज. जवारीवरचा दोरा केसभर सरकवला, खर्ज बोलू लागला, आणि तू विचारलंस, "बाबा, ग कोण म्हणतंय?" चार तारांत ग नाहीच. "येतो आपोआप" म्हणून मी विषय संपवला. खर्जाच्या पाचपट कंपनांचा तो स्वर, हे पुढे तूच मला समजावलंस. पॅरिसच्या इरकाम या संगीत-संशोधन संस्थेत आवाज असेच संगणकावर उलगडतात, आणि १९८२ साली तिथे गेलेल्या फिनलंडच्या संगीतकार सारिआहोबाईंनी त्यातूनच ऑर्केस्ट्रा उभा केला, हेही.

नव्या रचनेचा पहिला प्रयोग सगळ्यांना हवा असतो, दुसऱ्याला कुणी विचारत नाही, असं तू म्हणाली होतीस. खोलीभाडं अडलं तर मला सांग, आईला नको.

सवाईला येणार असलीस तर लवकर कळव, तिकिटं काढतो. नवीन काय, ते विचारणार नाही. आईला मात्र फोन कर. पोहे तिकडे मिळतात का, हे ती खरंच विचारत होती.

तुझा,
बाबा