'वेळ भरली होती' म्हणून मोकळे होऊ नका

संपादक महोदय,

रूळ ओलांडताना कुणी गेलं की अंत्ययात्रेत हमखास ऐकू येतं, 'त्याची वेळच भरली होती.' आमच्या शेजारचा मुलगा गेला तेव्हाही हेच. घरच्यांना त्या वाक्याचा आधार वाटतो, त्यांच्याशी माझा वाद नाही. पण तेच वाक्य यंत्रणेच्या तोंडी आलं की संताप होतो. संरक्षक भिंतीला भगदाड पडलेलं असतं, त्यातून पायवाट झालेली असते आणि सकाळी डब्याची पिशवी छातीशी धरून माणसं वाकून पलीकडे जातात. हे कुणाच्या कपाळी लिहिलेलं नाही.

सगळं पत्रिकेत असतं म्हणणाऱ्यांनी डॉ. जयंत नारळीकर यांनी महाराष्ट्रात घेतलेली चाचणी आठवावी. 100 हुशार आणि 100 बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका जमवल्या होत्या. त्यातल्या प्रत्येकी 40 पत्रिका पाहून मूल कोणत्या गटातलं, याची 27 ज्योतिषांनी उत्तरं दिली. सुमारे 46 टक्के बरोबर आली, नाणं उडवूनही साधारण निम्मी बरोबर येतात.

माणूस पूर्ण स्वतंत्र नसतो, हे मलाही मान्य आहे. लेटमार्क लागून पगार कापला जाईल ही धास्तीच अनेकांना रुळांवर उतरवते. पण धास्तीला कारण असतं आणि कारण बदलता येतं. म्हणून अशा प्रत्येक मृत्यूची नोंद करताना तिथून पादचारी पूल किती अंतरावर होता, हेही रेल्वेने जाहीर करावं.

– एक वाचक, भांडुप