'ऑर'च्या आधीचा स्वल्पविराम

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

इंग्रजी यादीतील शेवटच्या शब्दाआधी, म्हणजे 'अँड' किंवा 'ऑर'पूर्वी, स्वल्पविराम द्यावा की नाही, हा प्रश्न मला शिकवण्याच्या काळात विद्यार्थ्यांनी आणि आता त्यांच्या पालकांनीही अनेकदा विचारला आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे मुद्रणालय तो देते आणि ब्रिटनमधील बहुतेक वृत्तपत्रे देत नाहीत, त्यामुळे केवळ त्याच्यावरून उत्तरपत्रिकेत गुण कापणे मला अन्यायाचे वाटते. मात्र दोन्ही पद्धती चालतात एवढे सांगून शिक्षकाचे काम संपत नाही.

अमेरिकेतील मेन राज्यात काही कामांना जादा कामाचा वाढीव मोबदला लागू नव्हता आणि त्या कामांच्या यादीच्या अखेरीस 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन ऑफ' असे शब्द होते. 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नसल्याने, वगळलेले काम म्हणजे माल पाठवण्यासाठी किंवा वितरणासाठी बांधणे एवढेच, की वितरण हेही त्यातले स्वतंत्र काम, असा वाद ओकहर्स्ट डेअरीच्या वाहनचालकांनी उभा केला, कारण ते माल पोहोचवत, बांधत नसत. यादीतील बाकी सर्व कामे 'आयएनजी'ने संपतात आणि 'डिस्ट्रिब्यूशन' मात्र 'शिपमेंट'सारखे साधे नाम आहे, हा त्यांचा मुद्दा व्याकरणदृष्ट्या मला फार भक्कम वाटतो. परंतु त्यांचा अर्थ घेतला तर 'पॅकिंग'पूर्वी 'ऑर' हवा होता, आणि तो तिथे नाही, हा कंपनीचा आक्षेपही खोडून काढणे सोपे नाही. राज्याच्या विधेयक-लेखनाच्या मार्गदर्शिकेतच असा स्वल्पविराम देऊ नये असे सांगितलेले होते, त्यामुळे तो नसण्यावरून कोणताच निष्कर्ष काढता येत नव्हता. वाक्य संदिग्ध आहे आणि अशा वेळी कायद्याचा हेतू पाहून कामगारांच्या बाजूने अर्थ लावावा, असे अपील न्यायालयाने 2017 मध्ये ठरवले. पुढच्या वर्षी 50 लाख डॉलरवर तडजोड झाली.

आपल्याकडेही 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम 27 मधील 'स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल' या शब्दांवर सर्वोच्च न्यायालयाला, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका अपिलात, असाच विचार करावा लागला. 'स्टॉक्स'नंतर स्वल्पविराम नाही, म्हणून 'फॉर सेल' हे शब्द साठवण्यालाही लागू होतात आणि औषध नुसते जवळ असणे या कलमाखाली गुन्हा ठरत नाही, असा अर्थ न्यायालयाने लावला.

तरीही प्रत्येक यादीत तो स्वल्पविराम दिला की संदिग्धता मिटते, असे समजू नये. 'माय सिस्टर, अ डॉक्टर, अँड अ लॉयर' यात बहीणच डॉक्टर आहे की डॉक्टर ही तिसरी व्यक्ती आहे, हा घोळ त्या चिन्हानेच निर्माण होतो. तिथे शब्दांचा क्रम बदलणे हाच खरा उपाय आहे. मेनच्या विधिमंडळानेही नंतर यादीत अर्धविराम घातले, पण तेवढ्यावर न थांबता 'डिस्ट्रिब्यूशन'च्या जागी 'डिस्ट्रिब्यूटिंग' केले.

नियम पाठ करून घेण्याऐवजी शिक्षकांनी नववी-दहावीच्या वर्गात अशी दोन-चार खरी वाक्ये फळ्यावर लिहून त्यांचे दोन्ही अर्थ मुलांकडून काढून घ्यावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका, सातारा