सूचना : बी विंगमागील ट्रान्सफॉर्मर

सर्व सभासदांस,

बी विंगच्या मागे सबस्टेशनच्या जाळीला टेकून पुन्हा जुने सोफे, पत्रे आणि दोन स्कूटर उभ्या आहेत. रविवारपर्यंत हलवाव्यात, ही कळकळीची विनंती.

तिथे ११,००० व्होल्टची वीज येते आणि दाब उतरवून आपल्या घरात जाते. ट्रान्सफॉर्मर थंड राहावा म्हणून आत खनिज तेल असते. ते तेल पेटू शकते. जाळी झाकली की हवा कोंडते, उष्णता वाढते. आणि बंबाला वाटच नसेल तर काय करणार? आग दिसल्यास पाणी मुळीच मारू नका. दूर व्हा, १०१ ला फोन करा, वीज कंपनीला कळवा. गुणगुण नेहमीचीच, पण तडतड, जळका वास किंवा तेलाचा ओघळ दिसला तर रात्री-अपरात्रीही ऑफिसला सांगा. चेंडू आत गेला तर मुलांनी कुंपण चढू नये. चेंडू सोसायटी नवा देईल.

पुनर्विकासाच्या नकाशात ट्रान्सफॉर्मर इमारतीच्या आत दाखवला आहे. निवासी इमारतीत तो तेलाचा नको, ड्राय टाइपच (म्हणजे तेल नसलेला) हवा. हे बिल्डरकडून लेखी घेतल्याशिवाय समिती सही करणार नाही. सभेला जरूर या.

— सचिव